कोथिंबीर, गुडघा आणि आपली माणसं

४ मार्च, संध्याकाळ.
उजवा गुडघा अजून सुजलेलाच. पण आजपासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो आहे. दुपारी तक्रार खिडकीवर एक गृहस्थ नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून सांगत होते. मी टेबलाखाली मोबाइलवर एक लेख वाचत होतो. कोथिंबिरीत अँटी-इन्फ्लमेटरी गुण आहेत म्हणे. म्हणजे सूज उतरवणारे. साधी कोथिंबीर! जी आपण जन्मभर वर भुरभुरून घेतली आणि ताटाच्या कडेला सारली. रीतसर संशोधन आहे. आलेख आहेत. शेवटी पानंच्या पानं संदर्भ आहेत. संदर्भ वाचले नाहीत, पण आहेत हे महत्त्वाचं. गृहस्थांना म्हटलं, काळजी करू नका, आठवड्याभरात उतरेल. ते म्हणाले, वास उतरेल? मला सूज म्हणायचं होतं.
निश्चय: डॉक्टर नाही. गोळी नाही. रोज सकाळी कोथिंबिरीचा रस.

५ मार्च, सकाळ.
भाजीवालीकडून सहा जुड्या घेतल्या. तिने विचारलं, घरी कार्यक्रम आहे का. हसलो फक्त.
कोथिंबीर निवडणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. ही म्हणाली, आधी धुवा. धुतली. ही म्हणाली, अजून धुवा. इतक्या शंकेखोर वातावरणात संशोधन होत नसतं. एकदाच धुतली.
रसाला वाळूची कचकच होती. मिनरल्स.
चव: पावसात भिजलेलं गवत. रंग उत्तम.

७ मार्च.
फरक वाटतो आहे. गुडघा सकाळी उठल्यावर विचार करतो आहे असं वाटतं.
कन्येने लेख वाचला. ती कॉलेजात विज्ञान शिकते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी नाही हेच आधी दिसतं. म्हणाली, बाबा, हा प्रयोग उंदरांवर आहे. त्यांच्या पंजांची सूज उतरली, माणसांची नाही. शिवाय त्यांना अर्क दिला होता, रस नव्हे. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, की अधिक संशोधनाची गरज आहे.
तिला म्हटलं, अधिक संशोधनाची गरज आहे म्हणजे कुणीतरी पुढे यायला हवं. मी आलो आहे.
ती आईकडे बघून काहीतरी पुटपुटली. उंदरांच्या घरी त्यांना पाठिंबा असावा.

१० मार्च.
मोठी कल्पना. ताई!
इतके दिवस सुचलं कसं नाही? ताईच्या दोन्ही हातांची बोटं सांध्यांपाशी सुजतात. सकाळी मूठ मिटत नाही. कपडे शिवून पोट भरणारी बाई ती, सुई धरता येईना म्हटल्यावर गेल्या वर्षी रडली होती. माझ्यासमोर रडलेली मी तिला दोनदाच पाहिली. एकदा दाजी गेले तेव्हा, आणि एकदा सुईमुळे. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंची कसली तरी गोळी चालू आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची. आठवड्यातून एकदा! औषधालाही रविवारची सुट्टी असते इथपर्यंत ठीक, पण सोमवार ते शनिवार?
उद्यापासून ताईला रस. स्वतः नेऊन देणार. ऑफिसच्या वाटेवरच तर आहे.

११ मार्च.
ताई चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. हे लक्षात होतं, पण गुडघ्याच्या लक्षात नव्हतं.
मधे दोनदा थांबलो. लंगडत नव्हतो, सावकाश चढत होतो.
ताईने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, बाळ्या, हे काय आहे? तिला सगळं समजावून सांगितलं. आलेख हवेत काढून दाखवला. ती ऐकत राहिली. मग गोळ्यांचा विषय काढला. म्हटलं, ताई, रस आणि गोळी दोन्ही घेतलंस तर कोणाचा गुण आला ते कळणार कसं? प्रयोग स्वच्छ पाहिजे. गोळ्या बंद कर.
ती खिडकीबाहेर बघत बसली. मग आत गेली आणि गोळ्यांची छोटी डबी आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, घे, तूच ठेव. तुझा विश्वास असला की झालं.
माझ्यावर इतका विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही. ऑफिसात तर नाहीच. डबी टेबलाच्या खणात कुलपात ठेवली आहे.

१६ मार्च.
ताई रस घेते आहे. मी रोज जातो. ती चहा टाकते, मी रस ओततो. तिला मोठ्या साहेबांची नक्कल करून दाखवली. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसण्यानेही सूज उतरते असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.
ऑफिसातला स्टोअरकीपर आज स्वतःहून म्हणाला, की त्याचं कोपर सुजलंय. त्यालाही बाटली चालू केली. त्याने फार आदराने घेतली. म्हणाला, टेबलावर ठेवा साहेब, घेतो नंतर.
शिष्य एक.

१९ मार्च.
गुडघा किंचित मोठा दिसतो. घाबरण्यासारखं नाही. सूज बाहेर पडायच्या आधी दाराशी गर्दी करते. पिक्चर सुटल्यावर होते तशी.
स्टोअरकीपरकडून दुखण्यावरचा स्प्रे घेतला. औषध म्हणून नाही. थंड वाटतं म्हणून.

२४ मार्च.
ताईची बोटं! आज तिने सुईत दोरा ओवला. माझ्यासमोर. पहिल्या फटक्यात. मी नुसता बघत राहिलो. मग तिनेच विचारलं, तू का रडतोयस?
रडलो नाही. कोथिंबिरीचा वास डोळ्यांना लागतो.
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं बाई. मग उगाचच डबे घासायला लागली. घासलेलेच होते. काही लोकांना दुसऱ्याचं यश पचायला वेळ लागतो.

२९ मार्च.
माझ्या गुडघ्याबद्दल लिहायचं टाळतो आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. प्रत्येक शरीराची गती वेगळी. ताईचं शरीर श्रद्धाळू आहे, माझं चिकित्सक.
जिना उतरताना आज कठड्याला धरून उलटा उतरलो. असं उतरल्याने वेगळे स्नायू वापरले जातात.

३ एप्रिल.
ऑफिसात आरोग्य सप्ताह आहे. मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांना म्हटलं, बाहेरचा वक्ता आणून चहापाणी करण्यापेक्षा आपल्याच खात्यातला अनुभवी माणूस बोलला तर? त्यांनी विचारलं, कोण? मी नम्रपणे गप्प बसलो. बराच वेळ गप्प बसावं लागलं. शेवटी मीच सांगितलं.
शुक्रवार, १७ तारीख, दुपारी, कॅन्टीनच्या हॉलमध्ये. विषय: स्वयंपाकघरातला डॉक्टर. कन्येला पोस्टर करायला सांगितलं, तर म्हणाली, बाबा, नका ना. तिला स्टेजची भीती आहे. माझ्या स्टेजचीसुद्धा.

६ एप्रिल.
ताईला लेक्चरला यायचं आमंत्रण दिलं. पुढच्या रांगेत बसायचं आणि मी खूण केली की बोटं दाखवायची. एवढंच.
ती नको म्हणाली. गर्दीत जीव घाबरतो म्हणे. मी म्हटलं, ताई, तुझ्याशिवाय माझ्याकडे पुरावा काय आहे? माझा गुडघा? ती माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाळ्या, तू एकदा दाखवून का घेत नाहीस रे?
तिलाही कुणीतरी फितवलं आहे. बहुधा हिने.
शेवटी हो म्हणाली.

१२ एप्रिल.
भाषणाचा सराव. आरशासमोर. अँटी-इन्फ्लमेटरी हा शब्द सलग म्हणताना जीभ अडकते. सूजविरोधी म्हणावं का? पण त्यात वजन नाही.
उभं राहून सराव करवत नाही. बसून केला. वक्त्याने बसून बोललं की घरगुती वाटतं.

१६ एप्रिल.
उद्या. सगळी तयारी झाली. सदरा इस्त्री केला. ताईला रिक्षा सांगून ठेवली. खणातली गोळ्यांची डबी खिशात टाकली. ती लोकांना दाखवणार. डबी हलवून म्हणणार, मंडळी, ही ताईची बेडी होती! मस्त खुळखुळते.
ही म्हणाली, जरा जपून बोला. अभिमान वाटत असला की बायका असंच बोलतात.

१७ एप्रिल, संध्याकाळ.
लिहिणार नव्हतो. पण कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.
हॉल भरला होता. भाषण रंगलं. उंदरांचा उल्लेख मी टाळला, गर्दीत गैरसमज होतात. डबी खुळखुळवली, टाळ्या पडल्या. मग ताईला खूण केली. ती उठली, बोटं वर केली, मूठ मिटली, उघडली. पुन्हा टाळ्या. मोठे साहेबसुद्धा वाजवत होते. माझ्या नोकरीतला सर्वोत्तम क्षण, असं मी मनात म्हणत होतो. तेवढ्यात आमच्या टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या आईला अगदी हेच आहे. हीच आठवड्याची गोळी. तिला ती घ्यायची फार भीती वाटते. मी आज घरी जाऊन तिच्या गोळ्या बंद करते आणि कोथिंबीर चालू करते. तुमचे फार उपकार झाले.
मी हात जोडणार होतो. जोडलेसुद्धा होते.
ताई अजून उभीच होती. ती म्हणाली, नको गं बाई. गोळ्या बंद करू नकोस.
मला वाटलं, ती घाबरली आहे. मी म्हटलं, ताई, बस आता. ती बसली नाही. टायपिस्टबाईंकडे वळून म्हणाली, मी एकही गोळी चुकवलेली नाही. दर रविवारी घेतली. डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली, त्याचा गुण आहे हा. रस मी नुसता प्यायले. तुझ्या आईला भीती वाटत असेल तर माझ्याकडे घेऊन ये, मी तिच्याशी बोलते. पण बंद करू नकोस, बोटं वाकडी होतात आणि मग सरळ होत नाहीत.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, माफ कर रे बाळ्या.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मोठ्या साहेबांनी आभार मानले. कुणाचे ते ऐकू आलं नाही.
मी हॉलमधून ताठ मानेने बाहेर पडलो. गुडघ्यामुळे थोडा वेळ लागला. सगळे वाट बघत होते.

१७ एप्रिल, जेवणानंतर.
डबी उघडली. आत शर्टाची बटणं आहेत. पांढरी, बारीक. चार भोकांची.

१८ एप्रिल.
ताईकडे गेलो नाही. आता जाणार नाही. सख्खी बहीण. माझ्या डोळ्यांदेखत रोज पेला भरून प्यायली आणि रविवारी गुपचूप गोळी! एक वेळ शत्रूने केलं असतं तर समजू शकलो असतो. शत्रूला मी रस नेऊन दिला नसता, ही गोष्ट वेगळी.
स्टोअरकीपर भेटायला आला. मला वाटलं, सांत्वनाला. म्हणाला, साहेब, मनात ठेवणं बरं नाही म्हणून सांगतो. तो रस मी स्टोअरच्या दारातल्या कुंडीत ओतायचो. कोपराला गरम पट्ट्याचा शेक चालू होता. मग म्हणाला, झाड मात्र छान आलंय साहेब.
त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

१९ एप्रिल.
हिला सरळ विचारलं, तुला माहीत होतं? ही म्हणाली, हो. कधीपासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. तुम्ही डबी घेऊन जिना उतरत होतात तेव्हाच ताईंचा फोन आला होता. वहिनी, गोळ्या माझ्याकडेच आहेत, काळजी करू नकोस, पण त्याला सांगू नकोस.
कन्येलाही माहीत होतं. ताईची नवी गोळी आणायला तीच जायची.
म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्याच घरात एक यंत्रणा चालू होती. बायको, मुलगी, बहीण. खात्यात तीस वर्षं काढली, एवढं सुरळीत काम कधी पाहिलं नव्हतं.
हिला म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मला फसवलंत. ही म्हणाली, हो, आणि त्यांची बोटं वाचली. नंतर म्हणाली, तुमच्या गुडघ्याला फसवता आलं नाही, त्याला तुमचंच ऐकायची सवय.
जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२१ एप्रिल.
नवा निश्चय. एकट्याने. कुणाला सांगायचं नाही. रसाचं प्रमाण दुप्पट. आता प्रयोग खरोखर स्वच्छ आहे, कारण माणसंच उरली नाहीत.

२२ एप्रिल, सकाळ.
पलंगावरून पाय खाली येत नाही. गुडघा लाल आणि गरम आहे. हात लावला तरी जीव जातो.
विश्रांती घेतो आहे.

२२ एप्रिल, दुपार.
ही आणि कन्या मला विचारत नाहीत, आपापसांत बोलतात. रिक्षा बोलावली आहे. मी विरोध केला. आडवं पडून विरोध नीट पोचत नाही.

२३ एप्रिल.
डॉक्टर तरुण आहेत. गुडघा दाबून म्हणाले, आत पाणी साचलंय. मी इतकी वर्षं पाणीखात्यात, आणि हे ऐकायला पैसे मोजले. जाड सुईने पाणी काढलं. मी ओरडलो नाही, मोठ्याने श्वास घेतला.
मग विचारलं, गेल्या महिन्याभरात पायावर काही जास्तीचा ताण? मी नाही म्हणालो. कन्या म्हणाली, रोज चार मजले जिना. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुजलेल्या गुडघ्याने? रोज? कशासाठी?
कन्येने तोंडातून शब्द काढला नाही. त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. मीच सांगितलं, घरगुती कामासाठी.
जाता जाता सहज विचारलं, डॉक्टर, कोथिंबिरीचं काय? ते म्हणाले, काय म्हणजे? म्हटलं, खाल्ली तर? म्हणाले, खा की. चव चांगली येते.
जिना बंद. गोळ्या चालू.

२६ एप्रिल.
सूज उतरते आहे. झोप लागली. आज खुर्चीतून विनाआधार उठलो.
तसं पाहिलं तर वनस्पतींचा गुण शरीरात साठत जातो आणि पुढे एकदम दिसतो. महिनाभराच्या रसाचा परिणाम आता
नाही. गोळीचाच आहे. इथे तरी लिहायला हरकत नाही.

२८ एप्रिल.
ऑफिसातून टायपिस्टबाईंचा फोन. मला वाटलं, चौकशीला. त्यांची आई ताईकडे गेली होती. दोघींनी मिळून दुपारभर गप्पा मारल्या. आई गोळी घ्यायला तयार झाली. बाई म्हणाल्या, सर, तुमच्या भाषणामुळेच हे झालं.
हे वाक्य मी बऱ्याच बाजूंनी तपासून बघितलं. खोटं नाही. पण ज्या अर्थाने मला हवं होतं, त्या अर्थाने खरंही नाही.
ताईचा फोन मात्र नाही. मीही केलेला नाही. तिने फसवलं, तिने करावा.

३० एप्रिल, संध्याकाळ.
ताई आली. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो. ही तिला आत बसवून मुद्दाम बाजारात गेली. कन्येलाही घेऊन गेली.
आम्ही दोघं. ती काही बोलेना. मी तर बोलणारच नव्हतो. मग बोललो. म्हटलं, गोळ्या घेत होतीस ते घेत होतीस. पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणायचं होतंस. मला हाकलायचं होतंस. तो घाणेरडा रस रोज प्यायची काय गरज होती? नुसती माझी गंमत बघितलीस.
ती म्हणाली, गंमत नाही रे.
साडीच्या पदराची टोकं जुळवत होती. बोटं नीट वळत होती, ते मला बघायचं नव्हतं तरी दिसलं.
म्हणाली, ते गेल्यापासून सकाळी घरात माणसाचा आवाज नसायचा. मशीन चालवावी तर हात चालत नव्हते. रेडिओ लावून बसायचे. तू आलास, खुर्ची ओढलीस, साहेबांच्या नकला केल्यास. मी नको म्हटलं असतं तर तू रागावून गेला असतास आणि आला नसतास. तुला ओळखते ना मी. आणि पेला संपला की तू घड्याळ बघून उठायचास. म्हणून मी तो सावकाश प्यायचे.
मी तिला बरंच काही सुनावणार होतो. वाक्यं तयार होती. फसवणूक ती फसवणूकच, हे त्यातलं पहिलं. ते काही केल्या तोंडात येईना. शेवटी एवढंच विचारलं, की खरं सांग, त्या रसाचा काहीच, अगदी थोडासुद्धा उपयोग झाला नाही का?
तिने खूप विचार केला. माझं मन राखायची तिची धडपड चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.
म्हणाली, पोट साफ व्हायचं.
मग ती जायला उठली. अंधार पडायच्या आत चार मजले चढायचे होते तिला. मी म्हटलं, बस की अजून जरा.